वसंतात पाणथळीवरचे पक्षी ओळखू येत नसतील, तर आधी पाणी पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वसंत सुरू झाल्यापासून आपण एका पाणथळ अभयारण्यात सुटीच्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास जाता आणि बांधावरून पूर्ण फेरी मारता. बदके आपण जवळ पोहोचण्याआधीच उडून जातात, आणि चिखलाच्या कडेने फिरणारे लहान तपकिरी पक्षी पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळत नाहीत. यावरून आपण दोन निष्कर्ष काढले आहेत. एक, आपली ८×४२ ची (आठ पट, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण कमी पडते, तेव्हा साठ पट मोठे दाखवणारा स्पॉटिंग स्कोप घ्यावा. दुसरा, हे ठिकाणच यथातथा असल्याने दुसरे एखादे शोधावे. स्कोप कोणता घ्यावा आणि कुठे जावे, एवढेच आपण विचारले आहे.

पाणथळींवर पक्षिगणना करणे आणि नव्या निरीक्षकांना सोबत नेणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि जवळजवळ हाच प्रश्न दर वसंतात कोणी ना कोणी विचारते. आपल्या वर्णनावरून मला खरी अडचण निराळी वाटते. आपण पक्षी शोधत अभयारण्यभर फिरता आहात. पाणी किती खोल आहे, ऊन कोणत्या बाजूने येते आहे आणि त्या आठवड्यात पक्षी प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर आहेत, या तीन गोष्टी मात्र पाहायच्या राहून जात आहेत. हिवाळ्यात त्यावाचून फारसे अडत नाही, कारण तेव्हा तळ्यावरचे पक्षी आठवडेच्या आठवडे तिथेच मुक्कामाला असतात आणि आज हुकलेला पक्षी पुढच्या रविवारी सापडतो. वसंतात आज चिखलावर चरणारा थवा उद्या रात्री शेकडो किलोमीटर दूर गेलेला असतो, आणि त्याच्या जागी आलेले पक्षी दिसायला तसेच असले तरी ते तेच असतात असे नाही. म्हणून या हंगामात ठिकाण बदलण्यापेक्षा एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणे, आणि तिथेही चालण्यापेक्षा थांबणे, अधिक फळते.

आता, कशावर काय अवलंबून आहे तेही आधी सांगितले पाहिजे, कारण आपण अभयारण्याचे नाव किंवा प्रदेश दिलेला नाही. पाणथळ जागा उष्ण प्रदेशात, म्हणजे स्थलांतरित पक्ष्यांच्या हिवाळी मुक्कामाच्या पट्ट्यात असेल, तर वसंत हा निरोपाचा काळ असतो: फेब्रुवारी-मार्चपासून बदके विरळ होत जातात आणि एप्रिल-मेपर्यंत वेडर, म्हणजे उथळ पाण्यात व चिखलात चरणारे पक्षी, टप्प्याटप्प्याने निघून जातात. जागा समशीतोष्ण प्रदेशात असेल, तर हेच महिने आगमनाचे आणि विणीचे असतात, आणि ध्रुवीय टुंड्राकडे निघालेले वेडर तिथून मेमध्येही जात असतात. जागा समुद्रालगतची असेल, तर घड्याळापेक्षा भरतीचे वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. शिवाय तिथले पाणी दारे उघडून-मिटून राखले जाते की पावसावर सोडलेले असते, यानेही बराच फरक पडतो. पुढे लिहिलेले सगळीकडे लागू पडेल, पण तारखा आपल्या आपणच बसवून घ्याव्या लागतील.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट तीच आहे. पाणथळीवरचा प्रत्येक पक्षी आपल्या पायांच्या आणि चोचीच्या लांबीने एका ठरावीक खोलीला बांधलेला असतो. चिखल्या आणि स्टिंट यांसारख्या लहान पक्ष्यांना नुसता ओला चिखल किंवा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर पाणी लागते. रेडशँक, ग्रीनशँक, गॉडविट, शेकाट्या हे लांब पायांचे पक्षी साधारण पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत उतरतात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक अशी पृष्ठभागावर किंवा डोके बुडवून खाणारी बदके पाव मीटरच्या आसपासच्या पाण्यात रमतात, आणि त्याहून खोल पाणी बुडी मारणाऱ्या बदकांचे, वारकरी (कूट) पक्ष्यांचे व पाणकावळ्यांचे असते. तेव्हा एखाद्या तळ्यात बांधापासून बांधापर्यंत मीटरभर पाणी तुडुंब भरलेले असेल, तर तिथे वेडर शोधणे व्यर्थ आहे, स्कोप कितीही चांगला असला तरी. उलट पाणी ओसरून चिखलाचा नवा पट्टा उघडा पडला असेल, तर इतर सगळे सोडून तिथे बसावे.

नवा पट्टा म्हणण्याला कारण आहे. चिखलातले खाद्य, म्हणजे कायरोनोमिड चिलटांच्या अळ्या, कृमी, लहान शिंपले, हे चिखल ओला असेपर्यंतच वर असते किंवा चोचीच्या टप्प्यात असते. चिखल वाळून त्याला भेगा पडू लागल्या की तो लांबून कितीही मोकळा आणि आकर्षक दिसो, पक्ष्यांच्या दृष्टीने तो संपलेला असतो. म्हणून वसंतात पाणी जसजसे मागे हटते तसतशी पक्ष्यांची रांगही पाण्याच्या कडेसोबत सरकत जाते. मी कोणत्याही तळ्यावर पोहोचलो की आधी दुर्बीण डोळ्यांना न लावता ही कड शोधतो: काल पाणी कुठवर होते त्याची गडद रेषा कुठे आहे, चिखल कुठे चकाकतो आहे, कुठे फिका पडला आहे. चकाकणारा आणि फिका यांच्यामधला हात-दोन हात रुंदीचा पट्टा नीट न्याहाळला, की जे पक्षी रिकाम्या चिखलावर ‘नव्हते’ ते एकेक करून दिसू लागतात. पाणी आटून डबक्यात मासे गोळा झाले, की बगळे, चमचे (चपट्या चोचीचे पक्षी) आणि करकोचे तिथे गर्दी करतात. तेही याच हिशोबात येते.

पाण्याचा हा अधिकार किती मोठा आहे, हे दोन प्रसिद्ध जागांवरून कळते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी शत्रूला उतरता येऊ नये म्हणून मिन्समीअरची कुरणे पाण्याखाली घालण्यात आली. त्या पाणथळीत १९४७ साली अ‍ॅव्होसेट या वर वळलेल्या चोचीच्या वेडरांनी वीण केली, आणि तीही ब्रिटनमधून शंभरएक वर्षे त्यांची वीण नाहीशी झाल्यानंतर. पुढे १९६० च्या दशकात तिथे अभयारण्याचे व्यवस्थापक बर्ट अ‍ॅक्सेल यांनी मुद्दाम उथळ पाणी आणि बेटे तयार केली, आणि ती रीत नंतर अनेक अभयारण्यांनी उचलली. दुसरे उदाहरण भरतपूरच्या केवलादेवचे. १९८१ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ-कराराच्या यादीत आणि १९८५ पासून जागतिक वारशात असलेली ही जागा मुळात माणसाने बांध घालून घडवलेली आहे, आणि अजान बांधातून पुरेसे पाणी आले नाही त्या वर्षांत तिथल्या करकोच्यांच्या वसाहती रोडावल्या. दोन्हीकडे जागा तीच राहिली, पाणी बदलले. म्हणून आपण ज्या ठिकाणाला यथातथा म्हणता आहात तिथे पाणी केव्हा सोडतात, केव्हा उतरवतात, हे तिथल्या रखवालदारांना किंवा व्यवस्थापकांना विचारून घ्यावे, अशी माझी पहिली सूचना आहे. एवढ्या एका माहितीने अनेकांची हंगामभराची निराशा टळलेली मी पाहिली आहे.

समुद्रालगतच्या पाणथळीत हीच गोष्ट दिवसातून दोनदा घडते. ओहोटीला पक्षी मैलोन्‌मैल पसरतात आणि ठिपक्यांएवढे दिसतात. भरती चढू लागली की तोच सगळा जमाव उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने येतो. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सर्वांत लाभाचे असतात, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पक्षी किनाऱ्याच्या आणखी जवळ येतात. अशा ठिकाणी पहाटे पाचला पोहोचून ओहोटी पाहत बसण्यात अर्थ नाही.

आता उजेडाविषयी. दहा वाजता पोहोचण्यातली अडचण आळसाची नाही, हवेची आहे. ऊन चढले की चिखलावरून आणि पाण्यावरून उठणारी तापलेली हवा थरथरू लागते, आणि त्या थरथरीतून पाहिलेला पक्षी वितळल्यासारखा दिसतो. पायांचा रंग, चोचीचा बाक, पाठीवरची नक्षी सगळे पुसले जाते. ही थरथर भिंगाचा दोष नसल्यामुळे महागडे भिंगही तिच्यावर उपाय करू शकत नाही. उलट पट वाढवला की थरथरही तितकीच वाढते. सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास आणि मावळतीपूर्वीचे दोन तास यांतच अचूक ओळख होते, असे समजून बेत करावा. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहील असे ठिकाण निवडावे, म्हणजे पाण्याच्या पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड करून बसता येईल असे. दुपारी दुसऱ्या बाजूला जावे. हे इतके साधे आहे की कोणी सांगत नाही. पण तपकिरी वेडर समोरून उजेड असताना पाहिला तर तो काळा दिसतो, आणि काळ्या आकृतीला पुस्तकातले चित्र जुळणार कसे?

आपल्या प्रश्नाचा गाभा मात्र चित्रे न जुळण्याचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

पुस्तकात सहसा विणीच्या हंगामातले पक्षी आणि हिवाळ्यातले पक्षी अशी दोन चित्रे असतात. वसंतात चिखलावर दिसणारे बहुतेक वेडर या दोहोंच्या मधल्या अवस्थेत असतात. ते अंगावरची पिसे टप्प्याटप्प्याने बदलत असतात, त्यामुळे काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या मानेवर विटकरी रंग चढू लागलेला असतो पण पाठ अजून राखाडी असते. कर्ल्यू सँडपायपरचे पोट लाल-पांढऱ्या ठिगळांचे दिसते. डनलिनच्या पोटावरचा काळा डाग अर्धवट उमटलेला असतो. स्पॉटेड रेडशँक तर फिक्या राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत कोणत्याही छटेत सापडतो. काहींमध्ये पीस न बदलताही रंग पालटतो, कारण नव्या पिसांच्या फिक्या कडा झिजून जातात आणि खालचा गडद रंग उघडा पडतो. याशिवाय पहिल्याच वर्षातले अनेक पक्षी त्या वसंतात विणीला जातच नाहीत. ते दक्षिणेतच थांबतात आणि हिवाळी वेषात राहतात, त्यामुळे मे महिन्यात एखादा थवा निघून गेल्यावर मागे उरलेले फिके पक्षी ‘वेगळी जात’ वाटू शकतात. रफ या वेडरमध्ये हा गोंधळ कळसाला पोहोचतो. नर मादीहून लक्षणीय मोठा असतो, विणीच्या वेळी प्रत्येक नराच्या गळ्याभोवतीचा पिसांचा झुबका वेगळ्या रंगाचा असतो, आणि काही थोडे नर आयुष्यभर मादीसारखेच दिसतात. एकाच थव्यातले दोन रफ शेजारी उभे असताना जाणकारांनाही क्षणभर थांबावे लागते.

यातून मार्ग असा, की रंग सर्वांत शेवटी पाहावा. मी नव्या निरीक्षकाला पहिल्या काही फेऱ्यांत पुस्तक उघडूच देत नाही. आधी पक्षी खातो कसा ते पाहायला सांगतो. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो: चार पावले धावतो, थबकतो, मान वाकवून टिपतो, पुन्हा धावतो. सँडपायपरच्या कुळातले पक्षी स्पर्शाने शोधतात, म्हणून त्यांचे डोके सतत खाली असते आणि चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली होत राहते. त्यांच्या चोचीच्या टोकाला दाब ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशींची दाटी असते. पाणलावा आणि गॉडविट तर चोच चिखलात रुतलेली असतानाच तिचे फक्त टोक उघडू शकतात. तेव्हा धावतो-थांबतो की सुई चालवतो, एवढा एक प्रश्न विचारला तरी अर्धे पुस्तक बाजूला पडते.

त्यानंतर चोचीची लांबी डोक्याच्या लांबीशी ताडून पाहावी: डोक्यापेक्षा आखूड, डोक्याएवढी, दीडपट की दुप्पट, सरळ, किंचित खाली झुकलेली की वर वळलेली. मग पाय. लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट हे दोन्ही चिमणीएवढे, पण पहिल्याचे पाय काळे आणि दुसऱ्याचे पिवळसर-हिरवट असतात. शिवाय पहिला उघड्या चिखलावर लगबगीने टिपत सुटतो, तर दुसरा गवताच्या कडेला पाय दुमडल्यासारखा सावकाश सरपटतो. हा चालीतला फरक एकदा डोळ्यांत बसला की पायांचा रंग न दिसताही पक्षी ओळखता येतो.

शेवटी उडाण. पक्षी उडाला म्हणजे संधी गेली, असे आपण लिहिले आहे. माझा अनुभव याच्या उलट आहे. उडतानाच्या खुणा वसंतातल्या अर्धवट रंगांवर अवलंबून नसतात. रेडशँकच्या पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी असते. काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटीला काळी किनार दिसते, तर पट्टेरी शेपटीच्या गॉडविटला तो पट्टा नसतो. ग्रीन सँडपायपर आणि वुड सँडपायपर बसलेले असताना घोटाळा करतात, पण पहिल्याच्या पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी आणि दुसऱ्याची फिकी असते. सामान्य तुतारी (कॉमन सँडपायपर) पाण्याला लागून पंख ताठ धरून थरथरवत उडते, आणि बसल्यावर शेपटी सतत हलवते; तिच्या खांद्यापाशी पंखाच्या पुढे पांढऱ्या रंगाची एक पाचर वर चढलेली असते, ती तर पुष्कळ अंतरावरूनही ओळखू येते. याच्याबरोबर आवाज ऐकत गेलात तर वर्षभरात आपण वेडरांच्या निम्म्या जाती न पाहताच ओळखू लागाल. मी स्वतः ग्रीनशँक बहुतेक वेळा आधी ऐकतो: तीन सारख्या, खणखणीत शिट्ट्या, आणि मग वर पाहतो.

बदकांबद्दल इतके लिहायची गरज नाही. वसंतात नर पूर्ण रंगात असतात आणि बहुतेकांनी हिवाळ्यातच जोड्या जमवलेल्या असतात, त्यामुळे अनोळखी मादीजवळ पोहणारा नर पाहिला की मादीची ओळख बहुधा आपोआप होते. एवढेच, की बदके लवकर निघतात; त्यांच्यासाठी यायचे तर हंगामाच्या सुरुवातीला यावे. धोबी या लहान पक्ष्यांकडे मात्र जरूर लक्ष द्यावे. पिवळ्या धोब्याच्या उपजाती हिवाळ्यात एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात, पण वसंतात नरांची डोकी रंगू लागली की काळ्या, राखाडी, निळसर डोक्यांचे धोबी एकाच ओल्या कुरणात वेगळे करता येतात, आणि कोणते कोणत्या दिशेला जाणार असतील याचा अंदाज बांधता येतो. देवनळाच्या आणि पाणकणसाच्या दाटीत तर पहाटेचा तास हा कानांचाच असतो. तिथले वटवटे दिसण्यासाठी ताटकळण्यापेक्षा त्यांचे गाणे टिपून घ्यावे.

वाऱ्याचाही विचार करावा. बहुतेक वेडर आणि पाणथळीतले लहान पक्षी रात्रीच्या निरभ्र आकाशात, पाठीमागून वारा असताना निघतात. म्हणून अशा रात्रीनंतरची सकाळ आधीच्या दिवसापेक्षा रिकामी वाटू शकते. प्रवासाच्या ऐन दिवसांत रात्री समोरून जोराचा वारा किंवा पाऊस आला, तर वरून जाणारे पक्षी जवळच्या पाणथळीत उतरतात आणि कालपर्यंत तिथे नसलेल्या जाती सकाळी अचानक दिसतात. हवामान ‘खराब’ म्हणून घरी राहण्याचा मोह होतो तो दिवस पुष्कळदा हंगामातला सर्वोत्तम असतो. निघण्याची वेळही पाहण्यासारखी असते: उतरत्या दुपारी थव्यात बोलाचाली वाढते, पक्षी आंघोळ करतात, पिसे सारखी करतात, थोडे उडून परत बसतात, आणि मावळतीच्या सुमारास एक गट गोल फिरत उंच चढू लागतो, त्यातले काही मध्येच खाली परततात, बाकीचे तिरपी रांग धरून उत्तरेकडे निघतात.

इथवरचे सार सांगायचे तर: पाण्याची ओली कड शोधावी, सूर्य पाठीशी घ्यावा, खाण्याची रीत आणि आकार आधी पाहावा, रंग नंतर, आणि वाऱ्यावरून दिवस निवडावा. आता आपण जे सहज एका वाक्यात लिहिले आहे, की बदके आपण पोहोचण्याआधी उडून जातात, त्याविषयी बोलतो, कारण ते मला सर्वांत गंभीर वाटते.

वसंतातल्या पाणथळीवर पक्षी विसाव्याला थांबतो तो अंगात चरबी भरण्यासाठी. तिची किंमत किती असते हे उपग्रहावरून माग काढल्यामुळे आपल्याला आता कळले आहे. पट्टेरी शेपटीची एक गॉडविट मादी २००७ साली अलास्काहून न्यूझीलंडपर्यंत सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर न थांबता गेली, आणि २०२२ साली याच जातीच्या एका पिलाने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर अकरा दिवसांत सलग कापले. असे पक्षी निघताना त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबीचा असू शकतो. परतीच्या, म्हणजे वसंताच्या प्रवासात ते चीन आणि कोरिया यांच्यामधल्या पीत समुद्राच्या चिखलात थांबून ही शिदोरी पुन्हा भरतात. तिथली भरती-ओहोटीची सपाट मैदाने भराव आणि बांध घालून आक्रसली तेव्हा ग्रेट नॉटसारख्या वेडरांच्या जाती घसरल्या. अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात रेड नॉट हा वेडर मेमध्ये उतरतो, किनाऱ्यावर आलेल्या हॉर्सशू क्रॅबची अंडी खातो आणि दोनेक आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करून ध्रुवाकडे निघतो. इतक्या मोजक्या दिवसांच्या हिशोबात प्रत्येक उडवलेला थवा हा त्यांच्या शिदोरीतून काढून घेतलेला घास आहे. विणीच्या प्रदेशात उशिरा किंवा अशक्त पोहोचलेल्या पक्ष्याला मग तो भरून काढायला वेळ मिळत नाही.

म्हणून पूर्ण फेरी मारण्याची सवय सोडावी, असे मी कळकळीने सांगतो. बांधावर उभी चालणारी माणसाची आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर येते आणि पक्ष्यांना सर्वांत लांबून दिसते. लपण, म्हणजे पक्षी पाहण्यासाठी बांधलेला आडोसा, असेल तर त्यात, नसेल तर बांधाच्या उतारावर खाली, झुडपाला पाठ लावून दीड तास बसावे. पहिली वीस मिनिटे पक्षी दूर सरकतात. नंतर चरत चरत आपसूक जवळ येतात. चरणारे पक्षी एकाएकी माना उंचावून थबकले, एका दिशेने चालू लागले, किंवा टिटव्या ओरडू लागल्या, तर आपण अधिक जवळ गेलो आहोत हे ओळखून तिथेच थांबावे किंवा मागे व्हावे. चिखल्या पंख मोडल्याचे सोंग करत आपल्यापुढून लंगडू लागला, किंवा शेकाट्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला, तर पायांजवळ अंडी किंवा पिले आहेत असे समजावे. ती चिखलाच्या रंगाची असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, म्हणून ज्या पावलांनी आलो त्याच पावलांनी परत फिरावे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढण्याचा प्रकार विणीच्या दिवसांत तर करूच नये. तो आपली हद्द राखण्यासाठी धावतो आणि तेवढा वेळ अंडी उघडी पडतात.

आता स्कोप. तो घ्यावा, पण साठ पटींच्या ओढीने घेऊ नये. भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. आपल्या ८×४२ दुर्बिणीत ती सव्वापाच मिलिमीटर आहे. ६५ मिलिमीटरच्या स्कोपला पंचवीस पटींवर ती अडीच मिलिमीटरच्या थोडी वर असते, आणि साठ पटींवर जेमतेम एक मिलिमीटर उरते. चित्र अंधुक होते आणि वाऱ्याचा किंवा बोटाचा हलका धक्काही ते हलवतो. माझा स्कोप बहुतेक वेळ पंचवीस-तीस पटींवर असतो, आणि संशोधकांनी पक्ष्याच्या पायात घातलेली रंगीत कडी किंवा झेंडा वाचायचा असेल तेव्हाच मी पट वाढवतो. अशी कडी दिसली तर रंग, पाय डावा की उजवा, वरचा भाग की खालचा, आणि अक्षरे असतील तर ती, इतके लिहून संबंधित कडी-प्रकल्पाला कळवावे. हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली डेन्मार्कमध्ये सुरू केलेल्या, पक्ष्यांना कडी घालण्याच्या पद्धतीला अजूनही अशाच नोंदींचा आधार आहे. स्कोपपेक्षा तिवईवर अधिक पैसे घालावेत, कारण हलणाऱ्या तिवईवरचा उत्तम स्कोप दुर्बिणीइतकाही उपयोगी पडत नाही. आणि खरेदी करण्याआधी याच दुर्बिणीने सकाळी सूर्य पाठीशी घेऊन एका जागी बसून पाहावे. आपल्या तक्रारींपैकी किती उरतात ते पाहून मग किती पटींचा घ्यायचा हे ठरवावे.

दुसऱ्या ठिकाणाचा विचार हा हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवावा, असे मला वाटते. आताच्याच अभयारण्यात एक जागा निवडून तिथे दर आठवड्याला शक्य तर एकाच वेळी जावे, आणि वहीत पक्ष्यांच्या नावांच्या आधी चार गोष्टी लिहाव्यात: पाण्याची पातळी एखाद्या खुंटाशी किंवा दगडाशी ताडून, ओल्या चिखलाच्या पट्ट्याची रुंदी, वाऱ्याची दिशा, आणि आदल्या रात्री पाऊस झाला की नाही. ओळखू न आलेल्या पक्ष्यापुढे अंदाजाचे नाव न घालता त्याची चाल, चोच, पाय आणि उडतानाची खूण लिहावी. अशा नोंदी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवता येतात, आणि तिथे ‘अनोळखी सँडपायपर’ अशी नोंदही चालते. पुढच्या वेळी अशी दोन-तीन वर्णने पाण्याच्या पातळीसह इथे लिहिलीत, तर आपल्या अभयारण्यात कोणत्या आठवड्यात काय अपेक्षित धरावे हे मला आजच्यापेक्षा बरेच नेमके सांगता येईल.